दोन हजार मिलिमीटर पाऊस, तरीही टँकर

इंडोनेशियात कोरडा मोसम लागला की दरवर्षी गुनुंगकिदुल जिल्ह्यातल्या टँकरच्या बातम्या येतात. आपल्याला ते चित्र चांगलंच ओळखीचं, त्यामुळे मनात लगेच येतं की तिथे पाऊसच कमी पडत असणार. पण जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या जिल्ह्यात वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस होतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. मग पाणी जातं कुठे?

आधी जिल्हा पाहू. क्षेत्रफळ सुमारे १४८५ चौरस किलोमीटर, म्हणजे योग्याकार्ता प्रांताचा जवळजवळ निम्मा भाग. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख ४७ हजारांच्या घरात होती. आपला सिंधुदुर्ग याच्या साडेतीनपट मोठा, पण २०११मध्ये तिथली वस्ती साडेआठ लाखांचीच होती. जिल्ह्याला तिथे ‘काबुपातेन’ म्हणतात आणि त्याचा प्रमुख ‘बुपाती’, म्हणजे आपला ‘भूपती’च! त्याखाली तालुक्यासारखे १८ ‘कापानेवोन’ आणि त्यांत १४४ ‘कालुराहान’, म्हणजे गावं. मुख्य ठिकाण वोनोसारी. यातलं ‘वोनो’ म्हणजे वन.

उत्तरेला ज्वालामुखीच्या खडकांचे डोंगर आहेत, मध्ये वोनोसारीचं सखल खोरं. खरी टंचाई दक्षिणेला, ‘गुनुंग सेवू’ म्हणजे ‘हजार डोंगर’ या भागात. उलट्या वाट्यांसारख्या हजारो टेकड्या, सगळ्या चुनखडीच्या. २०१५मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

या टेकड्यांवर पडलेलं पाणी कुठे जातं हे समजायला शाळेतला एक प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते. कार्बन डायऑक्साइड तसाच सोडत राहिलं, तर ती पुन्हा नितळ होते. आधी तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट बनून विरघळतं. गुनुंग सेवूमध्ये लाखो वर्षं हेच चाललंय. पावसाचं पाणी मातीतून झिरपतं. मुळं आणि जिवाणू श्वसन करत असल्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दहापट, कधी शंभरपट असतो. तो घेऊन पाणी सौम्य आम्ल बनतं, खडकातल्या भेगेत शिरतं आणि भेग रुंदावतं. रुंद भेगेतून जास्त पाणी जातं, म्हणून ती आणखी वेगाने रुंदावते. शेवटी भेगेचं भुयार होतं आणि नदी जमिनीखाली जाते. भुयारात पोकळी मिळाली की कार्बन डायऑक्साइड निसटतो, क्रिया उलटी फिरते आणि छतातून चुन्याचे झुंबर लोंबू लागतात.

वर उरतात ती तळी. त्यांना तिथे ‘तेलागा’ म्हणतात; शब्द संस्कृत ‘तडागा’चा. चुनखडी विरघळल्यावर मागे राहिलेली लाल चिकणमाती खोलगट जागी साचते आणि तळाला लिंपण घालते. पाणी टिकतं ते या लिंपणामुळे. त्यामुळे तळं खोल करायच्या उत्साहात हा थर फोडला, तर पाणी वाढण्याऐवजी तळं गळायला लागतं.

आपल्याकडे अजूनही हातावर नारळ ठेवून पाणी शोधणारे पाणाडी बोलावतात. अशा खडकात एका जागी भुयारी नदी असते आणि थोड्या अंतरावर कोरडा दगड. नारळाला त्यातलं काही कळत नाही. संशोधक एका विवरात रंगद्रव्य सोडतात आणि ते कुठल्या झऱ्यातून बाहेर येतं ते पाहतात. पाण्याची वाट अशी शोधतात.

बारोनच्या किनाऱ्यावर ही वाट डोळ्यांनी दिसते. कड्याच्या पायथ्याशी खडकातून गोड्या पाण्याची नदी बाहेर पडते आणि वाळूवरून सरळ समुद्राला मिळते.

ब्रिबिनच्या गुहेत मात्र ते पाणी आधीच अडवलंय. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या अभियंत्यांनी इंडोनेशियाच्या तज्ज्ञांबरोबर तिथे जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर बांध घातला. साधे पंप उलटे फिरवून त्यांची टर्बाइन केली. नदीच्याच जोरावर ती फिरत आणि त्या बळावर नदीचंच काही पाणी वर चढवलं जाई. पण रुंद भुयारातून आलेलं हे पाणी वाळूतून गाळलं गेलेलं नसतं. वरच्या शौचखड्ड्यांतली आणि गोठ्यांतली घाणही पावसाबरोबर त्याच भेगांतून खाली येते, म्हणून ते उकळूनच प्यावं लागतं.