आयस्कझीचा लन आणि एनएफएसचं शेअर: दोन्ही नोडवर दिसतात, पण वागतात वेगळे

नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवर जोडलेल्या डिस्कच्या डब्याच्या, स्क्रीनवर दोन्ही पर्याय शेजारी शेजारीच असतात, एकीकडे शेअर्ड फोल्डर (एनएफएस किंवा एसएमबीने वापरायचा), एकीकडे आयस्कझी लन (नेटवर्कवरून कोरी डिस्क म्हणून दिलेली जागा), आणि क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणारे सर्व्हर (त्यातला प्रत्येक एक नोड), लावायला बसलेला माणूस म्हणतो डबा तोच, आतल्या डिस्क त्याच, केबल पण तीच, मग काहीही निवडलं तरी काय बिघडणारे. त्यात कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की आयस्कझी फास्ट असतं, म्हणून लन बनवतो, दोन्ही सर्व्हरला जोडतो, दोन्हीकडे डिस्क दिसते, चहा मागवतो. खरा ताप त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ भागात पतसंस्था, छोटी हॉस्पिटलं, काजू-आंबा प्रोसेसिंगवाले असे लोक पण आता दोन नोडचं क्लस्टर लावायला लागलेत, आणि अडकले की फोनवर प्रश्न हमखास एकच, "अरे डिस्क दिसता हा, मगे फाईल खंय गेली?"

फाईल कुठे गेली हे शोधायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या, फाईल सिस्टम, म्हणजे कुठली फाईल डिस्कवर कुठे आहे त्याचा हिशेब, सांभाळतंय कोण. एनएफएस किंवा एसएमबीचं शेअर असेल तर फाईल सिस्टम नॅसच्या पोटात आहे, तुमचा नोड फक्त सांगतो की अमुक नावाची फाईल उघड, एवढं लिही, आणि डिस्कच्या कुठल्या ब्लॉकवर (तुकड्यावर) काय जाणार ते नॅस एकटा ठरवतो. लन असेल तर नॅसला फाईल बिईल काही कळतच नाही, तो फक्त अमुक नंबरचा ब्लॉक वाचून देतो नायतर लिहून ठेवतो. फाईल सिस्टम तुमच्या नोडच्या कर्नलमध्ये चालते. दोन नोडवर माउंट केलात, म्हणजे फोल्डरसारखा जोडलात, तर एका डिस्कवर फाईल सिस्टम चालवणारे दोन झाले आणि दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही.

आंब्याच्या पेट्या ठेवायचं एक गोडाऊन आहे समजा आणि दोन भाऊ ते वापरतात. दारात एक गोडाऊनवाला वही घेऊन बसलाय, कोणीही पेटी आणली की तो जागा दाखवतो आणि लिहून ठेवतो, हे झालं एनएफएस. लनमध्ये गोडाऊनवाला नाहीच, दोघांकडे चावी आणि दोघांची वही पण आपापली, थोरल्याच्या वहीत मागचा कोपरा रिकामा, धाकट्याच्या वहीत पण तोच कोपरा रिकामा, दोघं रात्री वेगवेगळ्या वेळी येऊन तिथेच पेट्या रचतात आणि सकाळी खालचा आंबा चेपलेला.

हे स्वतः बघायचं असेल तर टेस्ट लनवर बघा, लाइव्ह डेटावर नको. लनवर लिनक्सची साधी फाईल सिस्टम, ईएक्सटी फोर किंवा एक्सएफएस, टाका, दोन्ही नोडवर माउंट करा, पहिल्यावर एक फाईल बनवा आणि दुसऱ्यावर एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारा. फाईल दिसत नाही. दुसऱ्या नोडवर अनमाउंट करून परत माउंट केलंत की दिसते. इथे बहुतेक जण फसतात, त्यांना वाटतं काहीतरी रिफ्रेशचा प्रॉब्लेम आहे, मग दर पाच मिनिटांनी रिमाउंट करणारी स्क्रिप्ट लिहिणारे पण भेटलेत. रिफ्रेशचा काही संबंध नाही. दुसऱ्या नोडने डिरेक्टरी आणि मोकळ्या ब्लॉकचा नकाशा आधीच वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवलाय, डिस्कवर मागून बदल झाला हे त्याला सांगणार कोण? आता दोन्हीकडून लिहायला लागा, थोड्या वेळात डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ईएक्सटी फोरच्या एररची रांग लागेल आणि साध्या एलएसला पण 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' असं उत्तर यायला लागेल. अशी वेळ खऱ्या डेटावर आली तर आधी दोन्ही नोडवरून अनमाउंट, मग नॅसवर त्या लनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत), आणि मग एकाच नोडवरून एफएससीके, म्हणजे फाईल सिस्टमची तपासणी-दुरुस्ती. एक नोड चालू ठेवून दुसऱ्यावरून रिपेअर मारायला गेलात तर उरलंसुरलं पण जातं. ईएक्सटी फोरमध्ये हे अडवायला मल्टिपल माउंट प्रोटेक्शन नावाचं फीचर आहे, पण ते बाय डिफॉल्ट बंद असतं आणि चालू करायचं सुचतं ते असं एकदा पोळल्यावरच.

मग लन क्लस्टरमध्ये वापरायचाच नाही का, तर वापरायचा, पण तीनपैकी एका पद्धतीने. एक म्हणजे एका वेळी एकच नोड माउंट करेल आणि तो पडला की दुसरा उचलेल, हे लिनक्सवर पेसमेकर किंवा विंडोजचं फेलओव्हर क्लस्टरिंग सांभाळतं. दुसरं म्हणजे क्लस्टरसाठीच बनवलेली फाईल सिस्टम, लिनक्सवर जीएफएस टू किंवा ओसीएफएस टू, व्हीएमवेअरचं व्हीएमएफएस, विंडोजवर क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम म्हणजे सीएसव्ही, जे सर्व्हर २००८ आर टू पासून आहे. यांच्यात नोड एकमेकांना विचारून लिहितात. तिसरी पद्धत प्रॉक्समॉक्सवाल्यांची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टम), लनवर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची सोय) टाकायचं आणि प्रत्येक व्हीएमला आपापलं लॉजिकल व्हॉल्यूम द्यायचं, एक व्हीएम एका वेळी एकाच नोडवर चालतं म्हणून मारामारी होत नाही. इथे एलव्हीएम थिन (लागेल तशी जागा देणारा प्रकार) चालत नाही बरं का, साधं एलव्हीएमच. आणि प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेज ॲड करताना 'शेअर्ड' म्हणून जो टिकबॉक्स असतो तो टिक केला म्हणून लोकल डिस्क शेअर्ड होत नसते, तो टिक म्हणजे तुम्ही प्रॉक्समॉक्सला दिलेला शब्द आहे की ही जागा सगळ्या नोडवर एकच आहे, शब्द खोटा निघाला तर मायग्रेशन केल्यावर, म्हणजे व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवल्यावर, त्या नोडवर डिस्कच सापडत नाही.

विंडोजमध्ये अजून एक घोळ होतो. क्लस्टरमध्ये डिस्क घेतली की ज्या नोडकडे ती आहे तिथे ऑनलाइन दिसते आणि दुसऱ्या नोडवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रिझर्व्हड' दिसते. ते बघून लोक ती हाताने ऑनलाइन करायच्या मागे लागतात. अहो ते बरोबरच आहे, स्कझी थ्री पर्सिस्टंट रिझर्व्हेशनने मालक नोडने डिस्क धरून ठेवलीये, दुसऱ्याने लिहू नये म्हणूनच. उलट क्लस्टर तपासणाऱ्या व्हॅलिडेशन विझार्डमध्ये या रिझर्व्हेशनच्या टेस्टला लाल फुली आली तर तिथे थांबा, तुमच्या नॅसला किंवा टार्गेट (लन देणाऱ्या) सॉफ्टवेअरला ते जमत नाही असा त्याचा अर्थ आणि वॉर्निंग समजून पुढे ढकलण्यात शहाणपणा नाही.

जीएफएस टू लावणाऱ्यांची तक्रार पण ठरलेली, एक नोड बंद पडला आणि दुसऱ्यावर पण सगळं गोठलं, हे कसलं हाय अव्हेलेबिलिटी. गोठतं कारण फेन्सिंग, म्हणजे बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बाहेर काढायची सोय, लावलेलं नसतं. पडलेला नोड खरंच मेलाय की फक्त नेटवर्कमधून गेलाय आणि अजून डिस्कवर लिहितोय हे उरलेल्याला कळायला मार्ग नाही, म्हणून समोरच्याची पॉवर खरोखर तोडल्याची खात्री होईपर्यंत तो लॉक देत नाही. याला स्टोरेज हँग म्हणू नका, तुमचा डेटा वाचवतोय तो. आयपीएमआय (मशीनची पॉवर लांबून बंद-चालू करायची सोय) किंवा तसलं काही नसलेल्या असेंबल्ड मशीनवर जीएफएस टू लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लक्षणं बघून ओळखायचं कसं. 'परमिशन डिनाइड' किंवा फाईलचा मालक 'नोबडी' दिसतोय, ही एनएफएसची भाषा. रूट स्क्वॉश (रूटला साधा युजर समजणारी सेटिंग) चालू असतं म्हणून रूटने लिहिलेलं अडतं, नायतर दोन नोडवर त्याच युजरचा यूआयडी (युजरचा नंबर) वेगळा असतो, एकीकडे १००१ दुसरीकडे १००२, नाव तेच असल्यामुळे डोळ्याला कळतच नाही. 'स्टेल फाईल हँडल' आलं तर नॅसवर कुणीतरी ते फोल्डर उडवून परत बनवलंय किंवा एक्सपोर्ट (शेअर द्यायची सेटिंग) बदललाय. आणि डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारल्यावर टर्मिनलच अडकून बसलं, कंट्रोल सी पण ऐकत नाही, तर हार्ड माउंट आहे आणि नॅस पोचत नाहीये, नॅस परत आला की आपोआप सुटतं. म्हणून लगेच सॉफ्ट माउंट करू नका, सॉफ्टमध्ये टाइमआउट झाला की ॲप्लिकेशनला एरर जाते आणि अर्धवट लिहिलेली फाईल तशीच राहते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, एका होस्टवर नॅसचा आयपी आणि दुसऱ्यावर नाव टाकून तेच एनएफएस जोडलंत तर दोन वेगळे डेटास्टोअर समजले जातात, आणि एका होस्टवर व्हर्जन ३ आणि दुसऱ्यावर ४.१ असं तर चुकून पण नको, दोन्हीची लॉकिंगची पद्धत वेगळी आहे.

लनची लक्षणं यापेक्षा वेगळी. फाईलच्या परमिशनची कटकट नाही, डिस्कच दिसत नाही किंवा एकाऐवजी दोन दिसतात किंवा येते-जाते. एकाऐवजी दोन, एसडीबी आणि एसडीसी सारख्याच साइझचे, म्हणजे दोन केबलनी दोन रस्ते झालेत आणि मल्टिपाथ (दोन रस्ते एकच डिस्क म्हणून दाखवणारी सोय) लावलेलं नाही, घाबरू नका पण एसडीबी नावाने काही माउंट पण करू नका, रीबूटला नावं बदलतात, डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कची न बदलणारी ओळख, बघा. येते-जाते हा प्रकार मात्र जरा नीट बघण्यासारखा आहे. एक व्हीएम व्यवस्थित बनवलं, त्याचा क्लोन काढून दुसरा नोड केला, वेळ वाचला, आणि आता पहिला चालू केला की दुसऱ्याची डिस्क जाते, दुसरा लॉगिन झाला की पहिल्याची जाते, लॉगमध्ये दोघांकडे आळीपाळीने 'डिटेक्टेड कनेक्शन एरर १०२०' टाइपच्या ओळी. लोक स्विच बदलतात, केबल बदलतात, नॅसचं फर्मवेअर चढवतात. कारण असतं इनिशिएटरचं, म्हणजे लन जोडून घेणाऱ्या नोडचं, नाव, आयक्यूएन, जे क्लोनबरोबर जसंच्या तसं आलंय. टार्गेटला वाटतं तोच जुना गडी परत आलाय, म्हणून तो आधीचं सेशन तोडून नवीन घेतो. दोन्ही नोडवर इनिशिएटरनेमची फाईल उघडून ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा, सेम असेल तर एकाची नवीन जनरेट करा, आयस्कझीची सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि नॅसवरच्या परवानगी यादीत नवीन नाव घाला. ते शेवटचं विसरलं की लॉगिनच नाकारतात आणि परत नवीन कोडं.

दोन्हीकडे सारखी लागणारी एक खोड आहे, जम्बो फ्रेमची, म्हणजे मोठ्या पॅकेटची. नोडवर एमटीयू (पॅकेटची कमाल साइझ) ९०००, नॅसवर ९०००, मधला स्विच मात्र १५०० वरच. पिंग चालतो, लॉगिन होतो, छोटी फाईल जाते, मोठी कॉपी सुरू केली की सगळं लटकतं. ८९७२ बाइटचा पिंग डोन्ट फ्रॅगमेंट लावून मारा, ९००० मधून हेडरचे २८ गेले की तेवढे उरतात, तो गेला नाही तर स्विच बघा. पोर्ट तर आधी तपासलेच असतील, एनएफएस २०४९, आयस्कझी ३२६०. समुद्राजवळच्या ऑफिसात नेटवर्कच्या जॅकवर पण नजर असू द्या, खाऱ्या हवेने पिना काळवंडल्या की सीआरसी एरर (खराब पोचलेल्या पॅकेटच्या) वाढत जातात आणि बदनाम होतं स्टोरेज.

आणि पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट किती वेळा जाते ते नव्याने सांगायला नको, सगळं एकदम बंद आणि सगळं एकदम चालू. नोड दोन मिनिटांत वर येतो, नॅसला डिस्क तपासून उठायला जास्त वेळ लागतो, माउंट फेल. एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याच्या यादीत) नोफेल, म्हणजे माउंट झालं नाही तरी थांबू नको, असं लिहिलेलं असेल तर नोड मुकाट पुढे बूट होतो आणि ॲप्लिकेशन रिकाम्या माउंट पॉइंटमध्ये, म्हणजे स्वतःच्या लोकल डिस्कवर, लिहायला लागतं. दुपारी कुणीतरी शेअर माउंट करतो आणि सकाळचा सगळा डेटा गायब! तो गायब नसतो, माउंटच्या खाली झाकलेला असतो, अनमाउंट केलंत की दिसतो. हे एनएफएसला होतं आणि लनला पण होतं, पण लनमध्ये त्यात भर अशी की दुसऱ्या नोडवर पण कुणी घाईघाईत हाताने माउंट मारलेलं असतं. नेटडेव्हचा ऑप्शन (नेटवर्क आल्यावरच माउंट कर असं सांगणारा) लावा, रिकाम्या माउंट पॉइंटला आधीच इम्यूटेबल (बदल न होणारं) करून ठेवा म्हणजे चुकून लिहिलं तर लगेच एरर येईल, आणि यूपीएसवरून आधी नॅस, मग पाच-सात मिनिटांनी नोड अशी वेळ लावून द्या.

दोन नोड, एक नॅस, फेन्सिंगचं हार्डवेअर नाही आणि सांभाळायला आठवड्यातून एकदा येणारा माणूस, असं असेल तर माझ्या मते सरळ एनएफएस घ्या. थोडा स्पीड जाईल, पण काही चुकलं तर परिणाम बहुतेक वेळा परमिशनची एरर एवढाच होईल. लन घ्या तो डेटाबेसला लागतोय म्हणून किंवा हायपर-व्हीला सीएसव्ही हवंय म्हणून. आणि दोन्हीत नॅस एकच आहे, तो गेला की दोन्ही नोड नुसते चालू मशीन, म्हणून बॅकअप दुसऱ्या जागी, दुसऱ्या मजल्यावर तरी ठेवा. जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.