सहकारी संस्था दिल्लीकडे गेल्या, हे खरं नाही

सांगली, वाळवा, कराड भागात सोसायटीची निवडणूक आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घटनादुरुस्ती झाली, आता सहकार दिल्लीच्या ताब्यात." हे चूक आहे. ज्याचा शेअर आहे त्या प्रत्येक सभासदाला हे नीट कळावं, असं मला मनापासून वाटतं.

गोंधळाचं मूळ ९७व्या घटनादुरुस्तीत आहे. २०१२ साली लागू झालेल्या या दुरुस्तीनं संचालक जास्तीत जास्त २१, मुदत ५ वर्षं, असे नियम थेट राज्यघटनेत घातले. पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनीच कायदे करायच्या विषयांच्या यादीतला विषय, नोंद ३२. राज्यांच्या अशा अधिकाराला हात घालायचा तर नुसती संसद पुरत नाही. कलम ३६८ नुसार किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. ती घेतलीच नव्हती! म्हणून गुजरात उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २० जुलै २०२१ रोजी हा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द ठरवला.

त्याच महिन्यात केंद्रात सहकार मंत्रालय स्थापन झालं आणि अफवेला बळ मिळालं. मंत्रालय काढल्यानं सूची बदलत नाही.

अनेक राज्यांत चालणाऱ्या संस्था आधीपासूनच केंद्राच्या कायद्याखाली आहेत. सहकारी बँकांच्या बँकिंगवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण १९६६ पासूनचं. गावची विकास सोसायटी मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंच चालते, आणि तिच्याबद्दलची तक्रार सहसा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे राज्याच्याच सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे द्यायची.