कातर कुठे लागली? मुंबईतील जुन्या कपड्यांच्या बाजाराची पार्श्वभूमी

मुंबईत आज ‘व्हिंटेज’, म्हणजे जुन्या काळातला, म्हणून विकला जाणारा कपडा साधारणपणे तीन वाटांपैकी एका वाटेने आलेला असतो, आणि ती वाट कोणती हे बहुधा त्या कपड्यावर कातर कुठे लागली आहे यावरून ओळखता येते. कॉलरमागच्या लेबलावर कात्रीचा आडवा चर असेल, तर तो निर्यातीतून उरलेला, म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्याही अंगाला न लागलेला कपडा असतो. परदेशी मापाचे लेबल शाबूत असून पाठीवर किंवा मांडीवर लांब काप जाऊन तो पुन्हा शिवलेला दिसला, तर तो ‘चिंधी’ या नावाने बंदरात उतरलेल्या गाठींमधला असण्याची शक्यता मोठी. कातर कुठेच नसेल, परंतु कमरपट्टीच्या आतल्या अंगाला धोब्याने बिब्ब्याने किंवा न पुसल्या जाणाऱ्या शाईने घातलेली खूण असेल, तर तो याच शहरातील कोणाच्या तरी कपाटातून बोहारणीच्या गाठोड्यात गेलेला कपडा होय. विक्रेते हे तिन्ही कपडे एकाच दोरीवर टांगतात आणि गिऱ्हाईकही त्यांच्यात फरक करत नाही. त्यांचे इतिहास मात्र वेगवेगळे आहेत.

वापरलेला कपडा पुन्हा वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी असली, तरी तो विकत घेऊन वापरण्याकडे कल नव्हता. जुनेर घरातल्या घरात फिरत असे. लुगड्याची गोधडी होई, धोतराचे दुपटे होई आणि तान्ह्या मुलाचे पहिले अंगडे मुद्दाम मऊ जुन्या कापडाचे शिवले जाई. परक्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्याविषयीचा संकोच सोवळ्याओवळ्यातून आलेला होता आणि १८९६ साली मुंबईत प्लेग आल्यानंतर त्याला रोगाच्या भीतीची जोड मिळाली. रुग्णांचे कपडे आणि अंथरुणे तेव्हा जाळली गेली आणि १८९७ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात वापरलेले कपडे व चिंध्या या रोगवाहक मालात धरल्या गेल्या. पुण्यात १९०५ साली आणि मुंबईत परळला ३१ जुलै १९२१ रोजी विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, तेव्हा चांगले कपडे जाळण्यापेक्षा उघड्यानागड्यांना का देऊ नयेत, असा वाद झाला होता. १९४३ पासूनच्या कापड नियंत्रणाच्या काळात टंचाईमुळे जुन्या कापडालाही भाव आला, आणि टंचाई सरल्यावर तो उतरला.

शहराच्या आजच्या बाजाराचा खरा पाया बोहारणींनी घातला. गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे आता देवीपूजक हे नाव स्वीकारलेल्या, समाजातील या स्त्रिया डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत गाठोडे घेऊन चाळीचाळींतून फिरत आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देत. पूर्वीच्या पितळेची जागा पुढे स्टेनलेस स्टीलने घेतली आणि त्यानंतर प्लास्टिकचे टब व बादल्याही आल्या. या व्यवहारात पैशाचा शब्द निघत नसे, पण हिशेब अतिशय काटेकोर असे. बोहारीण पँट हातात घेऊन आधी ती उजेडासमोर धरी, बैठकीचा भाग विरला आहे का ते पाही, चेन वरखाली करी आणि मगच डब्याकडे बोट दाखवी. गृहिणी त्यावर आणखी एक सदरा टाकून मोठा डबा मागे. बोहारीण गाठोडे आवळून उठल्याचे नाटक करी आणि जिन्यावरून परत येई. पुरुषांच्या पँटींना सर्वांत जास्त मान होता, कारण त्या कष्टकरी गिऱ्हाइकाला विकल्या जात; विरलेल्या सुती साड्यांना दुरुस्तीपुरतीही किंमत नसे, आणि त्या कारखान्यांत व गॅरेजांत यंत्रे पुसायच्या फडक्यांसाठी जात. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्र कापड, आल्यावर हे गणित आणखी पँटींकडे झुकले, कारण ते कापड सहजासहजी फाटत नसे, आणि तेल टिपून घेत नसल्यामुळे पुसायच्याही कामाचे नसे.

जरीच्या साड्यांचा हिशेब वेगळा होता आणि जुन्या पैठण्या आज इतक्या दुर्मीळ का, याचे एक उत्तर त्यात आहे. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. अशी साडी विकत घेणाऱ्याला विणकामाशी कर्तव्य नसे. काठपदर जाळून जी चांदी निघेल तिच्या वजनावर भाव ठरे. पदरावर दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे मोर ज्यांनी महिनोन्‌महिने बसून विणले, त्यांचे काम या रीतीने तोळ्यांवर मोजून संपले.

निर्यातीतून उरलेला माल ही दुसरी वाट, आणि ती कागदोपत्री नव्याच कपड्यांची आहे. १९७४ पासून २००४ च्या अखेरीपर्यंत श्रीमंत देशांनी कापड आणि कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा, म्हणजे ठरावीक मर्यादा, ठेवला होता. ज्याच्याकडे कोटा तोच माल पाठवू शके, आणि ऑर्डर रद्द झाली किंवा तपासणीत शिवणीचा दोष निघाला तर तो माल देशातच पडून राही. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर शहरातील मोठ्या गिरण्यांचे काम आटत गेले, पण शिलाईचे छोटे कारखाने वाढत राहिले, आणि त्यांचा शिल्लक माल आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर, कुलाब्याच्या कॉजवेवर आणि वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर आला. ब्रँडचे नाव वापरून तो विकला जाऊ नये म्हणून लेबलावर कात्री चालवली जाई किंवा काळी शाई फिरवली जाई. व्यवहारात त्या कात्रीचा परिणाम उलटा झाला, कारण माल अस्सल परदेशी ऑर्डरचा आहे याची खूण म्हणून गिऱ्हाईक तो चरच शोधू लागले. या बाजाराला जुन्या कपड्यांचा बाजार म्हणणे चुकीचे आहे; तरीही व्हिंटेजच्या यादीत त्याचे नाव हटकून येते.

तिसरी वाट आयातीची, आणि तिच्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. भारतात वापरलेले परदेशी कपडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत, पण चिंध्या आणता येतात. हा भेद मुख्यतः पानिपतच्या लोकर पुनर्वापराच्या धंद्यासाठी आहे, जिथे जुने स्वेटर आणि कोट पिंजून शॉडी नावाचे सूत काढतात आणि त्याची मदतकार्यात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे विणतात. तिथे विळीसारख्या उभ्या पात्यावर बायका आधी गुंड्या, चेनी आणि अस्तर कापून काढतात व उरलेले कापड रंगवार लावतात. या धंद्याला कच्चा माल मिळावा, पण घालण्याजोगा कपडा बाजारात शिरू नये, यासाठी नियम असा करण्यात आला की आयात होणारा कपडा येण्यापूर्वीच पुरता कापलेला असावा, म्हणजे तो पुन्हा अंगात घालता येणार नाही.

ही अट वाचायला सरळ आहे, पण कोणत्या कपड्याला ‘जुना’ म्हणायचे इथपासून गुंता सुरू होतो. सीमाशुल्काच्या दरसूचीत ६३०९ या क्रमांकाखाली वापरलेले कपडे आणि ६३१० खाली चिंध्या येतात. वापरलेला कपडा ठरण्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: त्यावर वापराच्या ठळक खुणा असाव्यात, आणि तो सुटा ढिगाने, गाठींत, पोत्यांत किंवा तशाच बांधणीत आलेला असावा. याचा अर्थ असा की तुमच्या आजीचा साठ वर्षांपूर्वीचा, पण कधीही न घातलेला शालू या व्याख्येत जुना ठरत नाही, आणि गेल्या वर्षी शिवून दोनदा धुतलेली जीन्स गाठीत आली तर ठरते. व्हिंटेजचे गिऱ्हाईक जे वय मोजते, ते कायद्याच्या दृष्टीने कुठेच नाही.

पुढचा प्रश्न किती कापायचे हा. पाठवणाऱ्या देशात प्रत्येक कपड्यावर मजूर लावून काप देणे महाग पडते, आणि कापलेल्या कोटाला न कापलेल्या कोटाचा भाव येत नाही. परिणामी गाठींत वरचे थर कापलेले आणि आतले शाबूत, किंवा शिवणीच्या रेषेत नाजूकपणे दिलेला काप, असे प्रकार वारंवार सापडले. असा माल अडवला की प्रकरण उभे राहते, आणि सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या १२५ व्या कलमाप्रमाणे जप्तीऐवजी दंड भरून तो सोडवून नेण्याचा पर्याय अधिकाऱ्याला देता येतो. अनेक प्रकरणांत हा दंड मालाच्या किमतीच्या दहा टक्के आणि त्याशिवाय शास्ती, म्हणजे आयातदारावरचा वेगळा दंड, पाच टक्के, अशा प्रमाणावर येऊन थांबला. दंडाचा दर आधीच माहीत असेल तर व्यापारी तो खर्चात धरतो. बंदीचे रूपांतर या रीतीने एका जादा करात झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. नियमाच्या बाजूने देशी कापडउद्योगाचे संरक्षण आणि आरोग्य ही कारणे दिली जातात, आणि ती खोटी नाहीत. मात्र स्वस्त परदेशी जॅकेट फुटपाथवर आल्याने सर्वांत आधी ज्यांच्या पँटींचा भाव पडतो त्या बोहारणींचा विचार या साऱ्या वादात कोणी केलेला दिसत नाही.

या वाटेवर गुजरातेतील कांडला बंदराचे स्थान मधले आहे. १९६५ साली सुरू झालेल्या तेथील निर्यातक्षेत्रात परवानाधारक कारखाने परदेशी कपड्यांच्या गाठी फोडतात, शेकडो प्रतींत निवड करतात आणि बराच माल आफ्रिकेकडे पुन्हा रवाना करतात. क्षेत्राबाहेर, म्हणजे देशात, किती माल जाऊ द्यावा आणि तो कापून की न कापता, यावर मतभेद चालू राहिले आहेत. मुंबईच्या फुटपाथवर जाड लोकरी ओव्हरकोट दिसला, तर तो इथल्या हवेसाठी कोणी शिवला नव्हता एवढे तरी नक्की.

भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार, पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आणि गोव्यात हणजुण्याचा बुधवारचा बाजार यांची नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. चोर बाजाराचे मूळ नाव ‘शोर बाजार’ होते ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. ती ऐकायला सोयीची आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणावे. तेथे कपड्यांपेक्षा लाकूडसामान, घड्याळे आणि यंत्रांचे सुटे भाग यांचा पसारा मोठा आहे, आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर मांडला जाणारा जुम्मा बाजार हा त्याचा वेगळा भाग आहे. हणजुण्याला सुरुवातीला परदेशी हिप्पींनी मुक्काम लांबवण्यासाठी स्वतःचेच कपडे आणि वस्तू विकल्या होत्या.

२०२० च्या टाळेबंदीने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. बोहारणींचे जिने बंद झाले, आणि टाळेबंदी उठल्यावरही अनेक गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर त्यांना पूर्वीसारखा प्रवेश मिळाला नाही. त्याच महिन्यांत इन्स्टाग्रामवर ‘थ्रिफ्ट’, म्हणजे वापरलेले कपडे विकणारी, दुकाने उघडली, त्यांपैकी कितीतरी ईशान्य भारतातील तरुणींची, जिथे परदेशी कपड्यांच्या गाठी उघड्या बाजारात फोडण्याची रीत आधीपासून होती. एका कपड्याचा एकच नग, त्याचे छातीचे आणि लांबीचे माप इंचांत, आणि ‘आधी पैसे भरील त्याचा’ अशी अट, ही या दुकानांची पद्धत मुंबईतील मुलींनीही उचलली आणि आईच्या कपाटातील ऐंशीच्या दशकातले शिफॉन त्यांनी त्याच रीतीने विकायला काढले. छायाचित्र घेण्यापूर्वी कपडा धुऊन इस्त्री करतात, सुटलेली गुंडी लावतात आणि जिथे चर किंवा डाग असेल तिथला फोटो जवळून काढून वेगळा टाकतात. बोहारणीही गाठोडे पहाटेच्या घाऊक बाजारात नेण्यापूर्वी हीच कामे करत असत. फक्त डाग असलेली बाजू त्या घडीच्या आत ठेवत.