फोर्ट निराळा, किल्ला निराळा

‘फोर्टचा किल्ला इंग्रजांनी १८६० च्या दशकात पाडला’ हे वाक्य मुंबईविषयीच्या लेखांत वारंवार वाचावे लागते आणि दर वेळी ते तितकेच चुकीचे असते. फोर्ट हा दक्षिण मुंबईतील, एके काळी तटाच्या आत वसलेला जुना भाग.

किल्ला म्हणजे बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज काळात वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता यांचा जो वाडा बंदराकाठी होता, त्याच्याभोवती बांधलेली ही लहानशी गढी. ‘फोर्ट’ हे मात्र शहराचे नाव आहे. गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, १७१६ च्या सुमारास, या गढीसकट सगळ्या वस्तीला तट घातला गेला आणि अपोलो गेट, चर्च गेट व बझार गेट या त्याच्या तीन वेशी झाल्या. तटाच्या आत उत्तरेला पारशी, गुजराती व्यापाऱ्यांची दाट घरे होती, दक्षिणेला इंग्रजांची वस्ती होती, बाजार होता, चर्च होते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही तटबंद गावात जे असते ते सारे होते. म्हणून मराठीत फोर्टला ‘कोट’ म्हणावे आणि कॅसलला ‘बालेकिल्ला’. ‘फोर्ट किल्ला’ हा जोडशब्द तर मला मुळीच सहन होत नाही.

बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना जे पाडले गेले, ते हे गावकूस. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला होता, शहर तटात मावेनासे झाले होते आणि तटाचा लष्करी उपयोगही उरला नव्हता. पश्चिमेकडच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पुढे जुने सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ओव्हल मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आले. चर्चगेट स्थानकापाशी ती वेस कधीच नव्हती, स्थानकाने केवळ तिचे नाव घेतले. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरातील तटबंदीचे अवशेष हे तिसरेच प्रकरण असून ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तटाला केलेल्या जोडबांधकामाचे आहेत.

बालेकिल्ल्याचे अवशेष मात्र अजून आहेत. ते एशियाटिक सोसायटीच्या (जुन्या टाउन हॉलच्या) इमारतीमागे, नौदलाच्या आवारात असल्याने येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाहीत. ज्या आंग्र्यांवर बून यांनी मोहिमा काढल्या, त्यांचेच नाव आज त्या नाविक तळाला आहे: आयएनएस आंग्रे.