पाठुंगळी ट्रक आणि त्यांची सोडवणी

अमेरिकेच्या महामार्गांवर कधीकधी चार नवेकोरे ट्रक एकाच ड्रायव्हरच्या हाती जाताना दिसतात. पुढचा ट्रक चारी बाजूंनी रस्त्यावर टेकलेला असतो. मागच्या प्रत्येकाची पुढची चाके मात्र त्याच्या पुढच्या ट्रकच्या पाठीवर चढवलेली असतात. या रचनेला तिथे सॅडलमाउंट म्हणतात. गाड्या अशा चढवण्याला चालक ‘डेकिंग’ म्हणतात, तर सामान्य लोक ‘पिगीबॅक’. मराठीत पाठुंगळी म्हणायला हरकत नाही, फक्त इथे पाठीवरच्या पोराचे पाय जमिनीवर घासत असतात असे समजावे. कारण मागचा ट्रक पूर्ण उचललेला नसतो, त्याची मागची चाके रस्त्यावर फिरतच असतात.

आपल्याकडे कारखान्यातून निघालेली नवी चेसिस बहुधा एकेक ड्रायव्हर चालवत नेतो. पुण्याच्या आसपास, केबिन नसलेल्या चेसिसवर तोंडाला रुमाल बांधून बसलेला ड्रायव्हर अनेकांनी पाहिला असेल. त्यामुळे या प्रकाराला रुळलेला मराठी शब्द नाही. ‘टोचन’ जवळचा आहे, पण टोचन म्हणजे बिघडलेली गाडी ओढत नेणे. इथे गाड्या धडधाकट असतात.

वापरले जाणारे ट्रक म्हणजे सेमी-ट्रेलर ओढणारे पुढचे डोके, तिथल्या भाषेत ट्रॅक्टर. नॉर्थ कॅरोलायनातील क्लीव्हलंड (फ्रेटलायनर), टेक्सासमधील डेंटन (पीटरबिल्ट), ओहायोतील चिलिकॉथी (केनवर्थ) अशा ठिकाणच्या, कंसात दिलेल्या कंपन्यांच्या, कारखान्यांतून ते देशभरच्या विक्रेत्यांकडे जातात. रिकाम्या ट्रॅक्टरचे वजन साधारण 8 टन. चारांचे मिळून ते 80,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 36.3 टनांच्या संघीय मर्यादेत बसते. संघीय नियमानुसार एका गाडीमागे अशा चढवलेल्या जास्तीत जास्त तीन गाड्या चालतात, आणि 2005 पासून अशा संपूर्ण रांगेची कमाल लांबी 97 फूट (सुमारे 29.6 मीटर) आहे. याशिवाय एखादी लहान गाडी पहिल्या किंवा शेवटच्या ट्रकच्या चौकटीवर पूर्ण चढवली, तर तिला फुलमाउंट म्हणतात.

जोडणीचा गाभा म्हणजे सॅडल ही लोखंडी खोगीर. तिच्या तळाशी असलेली किंगपिन, म्हणजे जाड खुंटी, पुढच्या ट्रकच्या फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे एरवी ट्रेलर अडकतो त्या गोल बैठकीत, बसते. वर मागच्या ट्रकच्या पुढच्या चाकांचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल ठेवून तो बोल्टांनी आवळतात. ट्रेलर वळतो तसाच मागचा ट्रक या किंगपिनभोवती वळतो. चार गाड्यांत असे तीन सांधे होतात, म्हणून हे लचांड रिव्हर्स घेणे जवळजवळ अशक्य. वळणावर चुकलात तर गाड्या एकमेकींत घुसतात. सोडवणीची, म्हणजे गाड्या पाठीवरून उतरवून वेगळ्या करण्याची, जागा निवडताना हीच गोष्ट आधी पाहावी लागते. ज्या यार्डात शिरून पुढच्या बाजूने बाहेर पडता येत नाही, तिथे काम सुरूच करू नये.

ओढल्या जाणाऱ्या ट्रकची मागची चाके फिरतात, पण इंजिन बंद असते. अशा वेळी गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट फिरतो, त्याला समांतर असलेला, तेल उडवणारा काउंटरशाफ्ट फिरत नाही आणि वरच्या बेअरिंगांना तेल पोहोचत नाही. म्हणून निघण्याआधी चाकांना ताकद देणारे अ‍ॅक्सल शाफ्ट काढून हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, झाकणे लावतात, नाहीतर गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवतात. पुढचा बंपर आड येत असेल तर तोही काढून केबिनमागे बांधतात. शेवटच्या ट्रकपर्यंत हवेच्या नळ्या आणि दिव्यांच्या तारा नेलेल्या असतात.

सोडवणीसाठी विक्रेत्याकडे योग्य उंचीचा धक्का किंवा लिफ्ट नसेल, किंवा वाटेत ओढणारा ट्रकच बंद पडला, तर जड टो-ट्रक, म्हणजे गाड्या उचलून ओढणारा ट्रक, बोलवावा लागतो. टो-ट्रकचा शोध टेनेसीतील चॅटनूगाचे अर्नेस्ट होम्स यांच्या नावावर आहे, वर्ष 1916. या व्यवसायाचे संग्रहालयही त्याच गावात आहे. आजच्या जड टो-ट्रकची क्षमता साधारण 25 ते 75 अमेरिकी टन असते (अमेरिकी टन 907 किलोंचा). त्यातल्या रोटेटर प्रकाराची बूम, म्हणजे उचलणारा लांब दांडा, क्रेनसारखी पूर्ण फिरते. ती असली तर टो-ट्रक आडवा उभा करूनही काम होते, नसली तर टो-ट्रक नेमक्या कोनात मागे घेण्यातच वेळ जातो.

उचलायचे वजन पाहिले तर या यंत्राला ते किरकोळ आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर सुमारे 5 टन येतात, बाकीचा भार मागची चाके पेलतात. अडचण असते ती ट्रकच्या नाकाची, म्हणजे पुढच्या टोकाची. साखळीचे हूक चौकटीला पुढून अडकवायचे आणि तिथेच फायबरचे नाजूक बोनेट पुढे आलेले. साखळ्या सरळ वर नेल्या तर बोनेट फुटते. तिरप्या केल्या तर साखळीवरचा ताण वाढतो: दोन साखळ्या आडव्या रेषेशी 60 अंशांत असताना प्रत्येकीवर भाराच्या सुमारे 58 टक्के ताण येतो, 30 अंशांत असताना पूर्ण भाराएवढा. म्हणून मध्ये स्प्रेडर बार, म्हणजे आडवी दांडी, घालतात. नव्या ट्रकला ओरखडा गेला तर विक्रेता हिशेब मागतो, हे उचलणाऱ्याला ठाऊक असते.

सोडवणी सहसा शेवटच्या ट्रकपासून होते. कारण सोपे आहे. ओढण्याची ताकद पहिल्याच ट्रकमध्ये असते, बाकीच्यांचे शाफ्ट काढलेले, त्यांचे इंजिन सुरू केले तरी चाके हलणार नाहीत. समजा चौथा सोडवायचा आहे. त्याच्या मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, हवेची नळी व तारा काढायच्या. हवा गेली की, एरवी हवेच्या दाबाने सुटे राहणारे, स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात. हा ब्रेक चाकाच्या ड्रमवर लागतो, त्यामुळे अ‍ॅक्सल शाफ्ट नसला तरी तो पकडतो. मग टो-ट्रकच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, नाकाचा भार अलगद घ्यायचा, अ‍ॅक्सलवरचे बोल्ट सोडायचे आणि अ‍ॅक्सल खोगिरीच्या वर काही इंच उचलायचा. यानंतर पहिला ट्रक उरलेल्या दोघांना घेऊन हळूच पुढे सरकतो. काही जण अ‍ॅक्सलचे बोल्ट न सोडता फिफ्थ व्हीलचा खटका ओढतात. मग किंगपिनसकट खोगीर टांगलेल्या ट्रकलाच लटकून राहते आणि ती चाके टेकण्याआधी काढावी लागते.

खाली उतरवताना घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली. मागची चाके बिजागरीसारखी वागतात, त्यामुळे नाक सरळ खाली येत नाही. 6 मीटरचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) आणि 90 सेंटिमीटरची उंची धरली तर ते वाटेत सहा-सात सेंटिमीटर पुढे सरकते. दोर तेवढा तिरपा होतो, बूमवर बाजूचा ताण येतो, म्हणून ऑपरेटर थोडे उतरवतो, थांबतो, बूम सावरतो, पुन्हा उतरवतो. टांगलेल्या ट्रकखाली या वेळात कोणी हातही घालायचा नसतो. अपघातात उलटलेल्या रांगेचा हिशेब वेगळा. तिथे कुठला भार कुठे दाबून आहे हे आधी ओळखावे लागते, कारण आवळलेला बोल्ट काढताच अडकलेला ट्रक कुठेही घसरू शकतो.

तिन्ही ट्रक जमिनीवर आले की शाफ्ट परत बसवतात, हबमधून गेलेले तेल भरतात, बंपर लावतात, हवा भरून ब्रेक सुटतात का पाहतात. ट्रक विक्रेत्याकडे राहतात. चालक बस, विमान किंवा भाड्याच्या गाडीने परततो, आणि खोगिरी पुढच्या फेरीसाठी माघारी जातात.