जलजीवालय, वनस्पतिप्रधान (घरगुती)

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती मुख्य आणि मासे दुय्यम, अशी मांडणी असलेली गोड्या पाण्याची काचेची टाकी. व्यवहारात तिला ‘प्लांटेड टँक’ म्हणतात. ‘मत्स्यालय’ हा रूढ शब्द माशांवर भर देतो, म्हणून येथे ‘जलजीवालय’ ही संज्ञा स्वीकारली आहे. मोठी टाकी कोणती म्हणावी यावर एकमत नाही. प्रस्तुत नोंदीत ६ × २ × २ फूट हे माप उदाहरणादाखल धरले असून पाणी, हवा, बांधकाम व साहित्य यांचा तपशील कोल्हापूर शहर व परिसराला धरून दिला आहे.

इतिहास : वनस्पती आणि मासे एकाच भांड्यात ठेवून पाणी वरचेवर न बदलता ते टिकवण्याची कल्पना प्रथम कोणाची, हा जुना वाद आहे. सर्वसाधारण ग्रंथांत इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचे नाव येते, कारण ‘अक्वेरियम’ हा शब्द त्यांच्या १८५४ मधील ग्रंथाने लोकांच्या तोंडी बसवला. परंतु लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह त्याआधी, १८५३ मध्येच खुले झाले होते. झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने सिसिलीत १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या वापरल्या, पण त्या सागरी प्राण्यांच्या निरीक्षणासाठी. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्यांनी बंद काचपेटीत झाडे जगवण्याची पद्धत शोधली आणि १८४२ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. तिचा पाण्यातील विस्तार त्यांनी स्वतः किती केला, याविषयी मतभेद संभवतात. वनस्पतिप्रधान टाकीपुरते बोलायचे तर रॉबर्ट वॉरिंग्टन (थोरले) या रसायनशास्त्रज्ञांचा दावा अधिक सबळ वाटतो. बारा गॅलनच्या (सु. ५४ लि.) टाकीत सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई ठेवून केलेला प्रयोग त्यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पतीने प्राणवायू सोडावा, माशाने कार्बन डायऑक्साइड सोडावा आणि गोगलगाईने सफाई करावी, हा त्यांचा ‘समतोल’ पुढे शंभर वर्षे हौशी लोकांनी प्रमाण मानला.

हा समतोल अपुरा होता. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे काय होते, याचा त्यात हिशेब नव्हता. नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट होणे, ही जीवाणूंची क्रिया आहे हे श्लोएसिंग व म्युंट्स यांनी १८७७ मध्ये दाखवले. त्यानंतर रॉथमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात ही क्रिया दोन टप्प्यांत चालते हे दाखवणाऱ्यांत वॉरिंग्टन यांचेच चिरंजीव, धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन, होते. वडिलांच्या टाकीतील उणा दुवा मुलाने शेतजमिनीत शोधला, असे म्हणता येईल. नायट्राइटाचे नायट्रेट करणारा जीवाणू म्हणून हौशी वाङ्‌मयात अजूनही नायट्रोबॅक्टरचे नाव चालते. १९९० च्या दशकापासूनची संशोधने मात्र टाकीतील हे काम मुख्यतः नायट्रोस्पायराचे असल्याचे दर्शवतात. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायराही आढळला.

मासे पाळण्याच्या भारतीय परंपरेसाठी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. ग्रंथात शके १०५१ (इ. स. ११२९) चा उल्लेख असल्याने त्याची रचना त्या सुमाराची मानतात, कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते. त्यातील मत्स्यविनोदात माशांचे प्रकार व त्यांना घालायचे खाद्य यांचे बारकाईने वर्णन आहे, पण ते गळाने मासे धरण्याच्या राजविनोदासाठी. घरगुती जलजीवालयाचा पूर्वज म्हणून तो दाखला ओढूनताणून आणलेला ठरतो.

विसाव्या शतकात दोन शैली रूढ झाल्या. नेदरलँड्समधील शैलीत वनस्पतींचे ताटवे उंची व रंगांच्या उतरंडीने लावतात. जपानमध्ये ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी दगड, लाकूड व मोकळी जागा यांतून निसर्गदृश्य उभे करणारी शैली रुजवली. महाराष्ट्रात सार्वजनिक जलजीवालय म्हणून मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) प्रसिद्ध आहे.

जागा व भार : उदाहरणातील टाकीची धारणा सु. ६८० लि. भरते. रेती व दगडांची जागा वजा जाता सु. ५५० लि. पाणी उरते. १२ मिमी. जाडीच्या काचेचे वजन सु. १२० किग्रॅ., रेतीचे १४० किग्रॅ.; दगड व लोखंडी स्टँड धरून एकूण भार एक टनाच्या घरात जातो आणि तो अवघ्या १२ चौ. फुटांवर येतो. राहत्या घराच्या जमिनीसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये धरलेला चल भार (माणसे व सामानसुमान यांचे वजन) चौ. मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सु. २०० किग्रॅ. आहे, टाकीखाली तो चौ. मीटरला ९०० किग्रॅ.च्या आसपास पडतो. प्रमाणित भार सबंध खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे तुळईलगत, भिंतीला समांतर ठेवलेली टाकी काँक्रीटच्या स्लॅबवर सहसा निभावते, पण अभियंत्याला विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावर ती बसवू नये. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांतील लाकडी तुळया व फळ्यांच्या माडीवर तर मुळीच नाही. तळमजल्यावर शहाबादी फरशीखालची भरणी काळ्या मातीची असल्यास पावसाळ्यात ती फुगते आणि स्टँडचा एक पाय वर येतो. पाणसळ लावून ते वर्षातून दोनदा पाहावे. समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सु. ३४० किग्रॅ. इतका असतो, म्हणून वरच्या कडेला काचेच्या पट्ट्यांचा ताण देतात. सांध्यांसाठी बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन लागते. स्नानगृहासाठीचे चालत नाही.

पाणी : कोल्हापुरात दोन पाणी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. नळाचे पाणी धरणांतून व नद्यांतून येते. त्यांत भोगावती-पंचगंगेची जुनी योजना आणि २०२३ मध्ये सुरू झालेली दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन या मुख्य. या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पावसात उगम पावतात, म्हणून त्यांचे पाणी तुलनेने सुफेन (हलके) असते. बेसाल्टातील विहीर वा बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन (जड) असते आणि त्यात बायकार्बोनेटे अधिक असतात. बहुतेक वनस्पतींना दोन्ही चालतात. एरिओकॉलॉन किंवा रोटाला मॅक्रँड्रासारख्या नाजूक जातींना कमी कार्बोनेटाचे पाणी लागते. त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये पागोळ्यांचे पाणी साठवून मिसळण्याचा मार्ग स्वस्त पडतो. वळवाचे आणि पहिल्या काही सरींचे पाणी सोडून द्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने घालवतात. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरिनाची मात्रा वाढण्याचा संभव असतो, त्यामुळे तेव्हा थायोसल्फेटात काटकसर करू नये.

कार्बन डायऑक्साइड : दाट लागवडीत बहुधा प्रकाशाआधी हाच घटक अपुरा पडतो. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. टाकीसाठी २० ते ३० मिग्रॅ. हे लक्ष्य धरतात. थेट मोजणे अवघड, म्हणून पुढील संबंध वापरतात : कार्बन डायऑक्साइड (मिग्रॅ./लि.) = ३ × कार्बोनेट दुष्फेनता (जर्मन अंश) × दहाचा (७ − पीएच) हा घात. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे १७.८५ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाएवढी दुष्फेनता. नळाच्या पाण्याची कार्बोनेट दुष्फेनता ४ असल्यास ३० मिग्रॅ.साठी पीएच ६.६ पर्यंत उतरावा लागतो. बोअरच्या पाण्यात ती १२ असल्यास ७.१ वरच तेवढा वायू विरघळलेला असतो. सूत्राची मर्यादा अशी की क्षारता केवळ कार्बोनेटांची असेल तरच ते लागू पडते. लाकडातून उतरणारी टॅनिने किंवा फॉस्फेटे पाण्यात असली की उत्तर फुगते. यावर तोडगा म्हणून ४ अंशांचे प्रमाणित द्रावण व ब्रोमोथायमॉल ब्लू भरलेली काचेची कुपी टाकीत टांगतात. निळा रंग वायू कमी, हिरवा पुरेसा, पिवळा जास्त असल्याचे दाखवतो. कुपीचा रंग तास-दोन तास मागे असतो, हे विसरून मासे गमावलेले हौशी थोडे नाहीत. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडांची उघडझाप करू लागले की रंगाची वाट पाहू नये.

लहान टाकीसाठी साखर वा गूळ यीस्टने आंबवून वायू मिळवतात. १०० ग्रॅ. साखरेपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅ. वायू निघतो, तोही अनियमित. गुळाच्या मुलखात हा प्रयोग आकर्षक वाटला तरी ५५० लिटरांसाठी तो पोरखेळ आहे; सिलिंडरच घ्यावा. ओतशाळांत वाळूचे गाभे सोडियम सिलिकेट व कार्बन डायऑक्साइडने कडक करतात, वेल्डिंगलाही हा वायू लागतो, त्यामुळे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यात सिलिंडर ही अनोळखी वस्तू नव्हे. २५° से.ला सिलिंडरातील दाब सु. ६४ बार असतो आणि आत द्रव उरला असेतो तो तसाच राहतो. म्हणून दाबमापकावरून उरलेला वायू कळत नाही, सिलिंडर वजन करून पाहावा. या वायूचे क्रांतिक तापमान ३१.१° से. आहे. एप्रिल-मे महिन्यांत स्टँडच्या बंद कपाटातील हवा सहज त्यावर जाते. तेव्हा द्रव व वायू हा भेद उरत नाही आणि भरगच्च सिलिंडरातील दाब झपाट्याने चढतो. कपाटाला जाळी ठेवावी आणि सिलिंडर काठोकाठ भरून घेऊ नये. विद्युत् झडप ‘वीज नसता बंद’ प्रकारची असली म्हणजे वीज गेल्यावर वायू आपोआप थांबतो. वायू दिवे लागण्याआधी तासभर सुरू करून मावळण्याआधी तासभर बंद करतात.

तळ व खते : लोहयुक्त तळासाठी १९८० च्या दशकात जर्मन हौशींनी रेतीत लॅटेराइट मिसळण्याची पद्धत रूढ केली. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील खडकावरून ही संज्ञा दिली. पन्हाळ्याचा माथा त्याचाच आहे. जांभ्याची भरड धुऊन रेतीच्या खालच्या थरात थोडी घातली तर लोह मिळते व दुष्फेनता वाढत नाही. काळी माती पोषक खरी, पण ती पाणी गढूळ करते आणि तिच्यातील चुनखडीचे खडे पाणी जड करतात. कोणताही दगड वा रेती घेण्याआधी त्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर तो नको.

फॉस्फेटाबाबत मतभेद आहे. पॉल सियर्स व केव्हिन कॉन्लिन यांनी १९९६ मध्ये, फॉस्फेट तुटपुंजे ठेवले की शेवाळ आटोक्यात राहते, असे मांडले. टॉम बार यांच्या पद्धतीत नायट्रेट, पोटॅशियम, फॉस्फेट सगळेच मुबलक देऊन आठवड्याला अर्धे पाणी बदलतात. दाट लागवड व पुरेसा कार्बन असेल तर दुसरी पद्धत अनुभवाला अधिक उतरते. खतांसाठी लांब जावे लागत नाही. उसाच्या ठिबकसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. पहिल्याचे १० ग्रॅ. ५५० लि. पाण्यात टाकल्यास नायट्रेट लिटरमागे सु. ११ मिग्रॅ.ने वाढते. १९:१९:१९ किंवा युरिया मात्र वापरू नये. त्यातून अमोनिया होतो.

इतर साधने : प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास, पहिले दोन महिने सहाच. गाळणयंत्र तासाला टाकीच्या पाच ते आठ पट पाणी फिरवणारे असावे. खाली वेगळ्या कुंडात पाणी पाडण्याच्या रचनेत कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, दमट पावसाळ्यात तितके नाही. नवी टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी.

वनस्पती व मासे : आरंभी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, लिम्नोफिला, जलब्राह्मी अशा झपाट्याने वाढणाऱ्या जाती भरपूर लावून नंतर क्रिप्टोकॉरीनसारख्या मंद जातींना जागा देतात. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढलेल्या रोपांची जुनी पाने आठवडाभरात विरघळतात. रोप मेले असे समजून उपटू नये. सह्याद्रीची पाणवनस्पतिसंपदा समृद्ध आहे आणि तिच्या अभ्यासात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा, विशेषतः श्री. रं. यादव यांचा, मोठा वाटा आहे. ॲपोनोजेटॉन साताऱ्यान्सिस (१९८२) व ॲपोनोजेटॉन ब्रुगेनाय (१९८९) या जातींच्या वर्णनात ते सहभागी होते. या प्रदेशनिष्ठ जाती मर्यादित जागीच असल्याने टाकीसाठी उपटणे गैर होय. माशांचेही तसेच. आजरा-गडहिंग्लजवरून वाहणाऱ्या हिरण्यकेशीतून पेथिया लाँगिकॉडा (२०१४) हा मासा आणि तिच्या आंबोलीजवळील उगमाशी शिस्टुरा हिरण्यकेशी (२०२०) हा मासा नव्याने वर्णिला गेला. दुसऱ्याचे स्थान २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. उलट दिशेची हानीही तितकीच खरी. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी रंकाळ्यावर आणि पंचगंगेवर पसरलेली कोल्हापूरकरांनी पाहिली आहे. छाटलेली कॅबोम्बा, साल्व्हिनिया वा वाढलेला सकरमासा तलावात किंवा गटारात न सोडता वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालाव्यात आणि मासा विक्रेत्याला परत द्यावा.