जुन्या इंजिनाचा ब्लॉक बोअर करायचाय? आधी भिंत मोजू, पिस्टन नंतर मागवा

जीप असो, पद्मिनी असो, अॅम्बॅसॅडर असो की १९६१ पूर्वी गोव्यात आलेली एखादी युरोपीय गाडी, ब्लॉक आमच्याकडे येतो तेव्हा बरेचदा नव्या पिस्टनचा खोकाही सोबत येतो. साठ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जादा मापाचा सेट, बाहेरून मागवलेला, परत न घेतला जाणारा. मग तपासणीत एका सिलिंडरची भिंत पातळ निघते आणि काम तिथेच अडतं. म्हणून विनंती आहे, आधी ब्लॉक तपासून घ्या आणि साइझ ठरल्यावरच पिस्टन मागवा. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, सुरू करण्याआधी मात्र ते पिस्टन आमच्या हातात हवेतच. प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, मायक्रोमीटरने मोजून, त्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) धरूनच आम्ही हॉनिंग, म्हणजे भिंतीची शेवटची घासाई, करतो. खोक्यावरच्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही.

साठ थाऊ म्हणजे व्यासात १.५२ मिमी. प्रत्येक बाजूची ०.७६ मिमी भिंत जाते. एवढं सहज चालेल असं वाटतं, पण जुन्या ओतकामात पाण्याच्या जागेचा वाळूचा गाभा थोडा सरकलेला असतो. एकाच सिलिंडरची एक बाजू ५.५ मिमी आणि समोरची ३.५ मिमी निघू शकते. त्यात कूलंटऐवजी नुसतं विहिरीचं पाणी भरलेली, कित्येक पावसाळे उभी असलेली गाडी असेल, तर पाण्याच्या बाजूने गंजाचे खड्डेही पडलेले असतात. बोअर केल्यावर थ्रस्टच्या बाजूला, म्हणजे पिस्टन जिथे रेटला जातो तिथे, किमान ३ मिमी आणि इतरत्र २.५ मिमी उरलं पाहिजे, हा आमचा नियम. वरच्या उदाहरणातली पातळ बाजू थ्रस्टची असेल तर तो ब्लॉक साठला आम्ही लावणार नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी.

मोजमाप अल्ट्रासॉनिक गेजने होतं, पण नुसतं गेज टेकवून भागत नाही. बिडातून ध्वनी पोलादापेक्षा सावकाश जातो, शिवाय बिडाबिडांतही फरक असतो. गेज पोलादाच्या सेटिंगवर राहिलं तर ३ मिमीची भिंत ३.८ च्या आसपास दिसू शकते, आणि असा ब्लॉक रस्त्यावर तडकतो. म्हणून वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूचं पत्र्याचं बूच, काढून, त्या भोकाची कड मायक्रोमीटरने मोजून गेज तुमच्याच ब्लॉकवर जुळवावं लागतं. पुढे प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, चारही बाजूंनी अशा १२ नोंदी. चार सिलिंडरच्या ४८. त्याआधी कॉस्टिकच्या गरम टाकीत ब्लॉक धुतो आणि नंतर पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो. यात वेळ जातो, आणि तपासणीचे पैसे वेगळे लागतात ते याचसाठी. नोंदींचा कागद तुम्हाला देतो, बोअरिंग दुसरीकडे केलंत तरी तो उपयोगी पडेल.

ब्लॉकला आधी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत ठोकलेली नळी, बसवली असेल तर जरूर सांगा. वरच्या सपाटीवर बोअरभोवती बारीक गोल रेघ दिसते. तिथे गेजचा ध्वनी स्लीव्हवरूनच परततो आणि मागच्या भिंतीचा पत्ता लागत नाही. रेनो डॉफिनसारख्या वेट लायनर इंजिनांना, म्हणजे जिथे सिलिंडरची सुटी नळी थेट पाण्यात बसते, तर हा प्रश्नच नाही, तिथे लायनरच बदलतात.

“थेट साठच करा, पिकअप वाढेल,” असं अनेकजण म्हणतात. जीपचा ३ १/८ इंची बोअर साठ थाऊ वाढवला तर सीसी जेमतेम ४ टक्के वाढते, आणि पुढच्या रिबोअरला जागा उरत नाही. वीसमध्ये बोअर साफ होत असेल तर वीसवरच थांबावं. एकच सिलिंडर पातळ किंवा खोल ओरखड्याचा असेल तर तेवढ्यालाच ड्राय स्लीव्ह घालून बाकीच्यांच्या साइझला आणता येतो. हे काम आम्ही नेहमी करतो, आणि दुर्मिळ ब्लॉक वाचवायचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

येताना ब्लॉक रिकामा आणा, मेन बेअरिंग कॅप बोल्टांसह आणा, कॅमचे बुश काढलेले असू द्या. जुने पिस्टनही आणा, त्यांच्या डोक्यावर ०२० किंवा ०४० कोरलेलं असेल तर आधीचा रिबोअर कळतो. चवथीपूर्वी गाडी हवी असेल तर तपासणी जूनमध्येच उरकून घ्या. काम होऊन घरी नेलेल्या ब्लॉकच्या बोअरला तेल लावून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पावसाळी हवेत हॉन केलेल्या भिंतीवर एका रात्रीतही गंज धरतो.